छपराचे पैसे

अटलांटाच्या ऑबर्न अव्हेन्यूवर ५०१ क्रमांकाचं घर आहे. दुमजली, लाकडी, पुढे ऐसपैस व्हरांडा. १८९५ साली बांधलेल्या या घराच्या वरच्या मजल्यावर १५ जानेवारी १९२९ रोजी मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर यांचा जन्म झाला. मी पोचले तेव्हा घर दुरुस्तीसाठी बंद होतं, भोवती कुंपण होतं आणि कुंपणाशी उभं राहून माणसं फोटो काढत होती. आत जाता येत नाही म्हणून कुणी वैतागलेलं दिसलं नाही. २०२३च्या डिसेंबरात या व्हरांड्यावर कुणीतरी पेट्रोल ओतलं होतं. काडी लागण्याआधी त्या व्यक्तीला अडवलं ते घर बघायला आलेल्या प्रवाशांनीच. म्हणजे हे घर अजूनही राखावं लागतं, आणि राखणारे नेहमी पगारीच असतात असं नाही.

मला मात्र घरापेक्षा समोरच्या ओळीने जास्त थांबवलं. रस्त्यापलीकडे छोटी, अरुंद, एकामागे एक खोल्या असलेली कामगारांची घरं आहेत. ती पाडून तिथे गाड्या लावायला जागा करणं सहज शक्य होतं. १९८०मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी हा परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ करणाऱ्या कायद्यावर सही केली, तेव्हापासून नॅशनल पार्क सर्व्हिसने आसपासची घरंही हळूहळू ताब्यात घेऊन दुरुस्त केली. आणि त्यातली बरीच चक्क भाड्याने दिली. एका घराच्या पायरीवर एक बाई मटारासारख्या शेंगा सोलत बसली होती, शेजारी मुलाची सायकल आडवी पडलेली. मोठ्या माणसाचं घर जपायचं तर त्याची गल्लीही जपावी लागते, आणि गल्ली जपायची तर तिथे माणसं राहती हवीत, हे सरकारी खात्याला समजलं याचा मला फार आनंद झाला.

माझी भाची अटलांटात नोकरी करते. तिच्या गाडीतून आम्ही दोघी अलाबामात निघालो होतो. बर्मिंगहॅम, सेल्मा, माँटगोमेरी. किंग यांच्या आयुष्यातली निर्णायक वर्षं या तीन शहरांत गेली. ही तीर्थयात्रा पुष्कळ लोक करतात. मला त्यात आणखी एक गोष्ट बघायची होती. या जागांना सरकारचे पैसे मिळू लागले आहेत, त्या पैशांचं नेमकं काय होतं?

त्या पैशांची थोडी माहिती आधी देते. अमेरिकेत वारसा जपण्यासाठी एक केंद्रीय निधी आहे, हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन फंड. समुद्रातून तेल आणि वायू काढणाऱ्या कंपन्यांकडून सरकारला जे भाडं आणि स्वामित्वधन मिळतं, त्यातून तो भरतो. वर्षाला जास्तीत जास्त १५ कोटी डॉलर, तेही काँग्रेसने मंजूर केले तर. २०१६मध्ये काँग्रेसने या निधीतून आफ्रिकन-अमेरिकन नागरी हक्क चळवळीच्या स्थळांसाठी वेगळी रक्कम काढली. २०१७च्या जानेवारीत पहिली यादी लागली. वीसहून अधिक राज्यांतले ३९ प्रकल्प, आणि सगळ्यांना मिळून सुमारे पाऊण कोटी डॉलर. एका देशाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधूनही सापडायची नाही. पण ज्या चर्चचं छप्पर वीस वर्षं गळतंय, त्या चर्चला ती पुरेशी मोठी असते.

अर्ज राज्यं, नगरपालिका, आदिवासी समाजांची सरकारं आणि सेवाभावी संस्था करू शकतात. स्वतःचा वाटा घालण्याची सक्ती नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण निम्मे पैसे तुम्ही आणा, निम्मे आम्ही देतो, अशी अट आली की गरीब वस्तीतली संस्था दारातच अडते. पण बाकी अटी कडक आहेत. जे दुरुस्त होऊ शकतं ते बदलायचं नाही. खिडकीची जुनी लाकडी चौकट सांधता येत असेल तर ॲल्युमिनियमची बसवायची नाही. काम झाल्यावर पुढची ठरावीक वर्षं इमारतीत मनमानी बदल करणार नाही, असा करार नोंदवावा लागतो. आधी काम, मग बिलं, मग पैसे. कागद पुष्कळ. बर्मिंगहॅममध्ये एका चर्चच्या समितीतल्या निवृत्त गृहस्थांनी मला त्यांच्या अर्जाची फाइल दाखवली. तळहाताएवढी जाड होती. त्यात एकेका विटेच्या सांध्याचा फोटो होता आणि प्रत्येक फोटोखाली हाताने लिहिलेला क्रमांक. ते पूर्वी पोलाद कारखान्यात होते. म्हणाले, "मॅडम, तिथे मी चाळीस वर्षं तपासणीचंच काम केलं. हे मला येतं."

बर्मिंगहॅम हे पोलादाचं शहर. काळ्या लोकांच्या घरांवर इथे इतक्यांदा स्फोट झाले की शहराला लोक ‘बॉम्बिंगहॅम’ म्हणू लागले आणि एका टेकडीचं नाव ‘डायनामाइट हिल’ पडलं. सोळाव्या रस्त्यावरचं बॅप्टिस्ट चर्च शहराच्या मध्यावर आहे. वॉलेस रेफिल्ड या काळ्या वास्तुविशारदाने ते उभारलं, १९११ साली पूर्ण झालं. १५ सप्टेंबर १९६३, रविवार, सकाळी दहा बावीसला पायऱ्यांखाली ठेवलेला डायनामाइट फुटला. ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन या तिघी चौदा वर्षांच्या, आणि डेनिस मॅकनेअर अकरा वर्षांची. चौघीही तळघरातल्या प्रसाधनगृहात प्रार्थनेसाठी आवरत होत्या.

या चर्चला पहिल्याच यादीत पाच लाख डॉलर मिळाले. त्या फेरीत एका प्रकल्पाला यापेक्षा जास्त मिळतच नव्हते. पण त्याच्या कितीतरी आधी आलेल्या पैशांची गोष्ट मला तिथे समजली आणि ती मी विसरणार नाही. मागच्या बाजूला वर एक रंगीत काचेची मोठी खिडकी आहे. तिच्यावर काळा ख्रिस्त आहे, हात पसरलेला. एक हात अन्याय दूर लोटणारा, दुसरा क्षमा करणारा. ही खिडकी वेल्सच्या लोकांनी दिली. स्फोटाची बातमी वाचून जॉन पेट्स या वेल्श कलावंताला राहवेना. तिथल्या वर्तमानपत्राने वर्गणी गोळा करायला सुरुवात केली आणि ठरवलं की कुणीही अर्ध्या क्राउनपेक्षा जास्त द्यायचं नाही. एखाद्या श्रीमंताने सगळी खिडकी देऊन टाकू नये, ती वेल्सच्या सर्वसामान्य माणसांची असावी, एवढ्यासाठी. दुपारचं ऊन त्या निळ्या काचांतून बाकांवर आलं होतं. भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, अर्धा क्राउन म्हणजे किती गं?" मी म्हटलं, "अडीच शिलिंग. शाळकरी मुलाला देता येतील एवढे."

चर्चपासून चालत पाच मिनिटांवर ए. जी. गॅस्टन मोटेल आहे. आर्थर जॉर्ज गॅस्टन हे बर्मिंगहॅमचे काळे उद्योजक. विमा, बँक, अंत्यविधीची सेवा असे त्यांचे व्यवसाय होते. दक्षिणेत काळ्या प्रवाशाला चांगल्या हॉटेलात खोली मिळत नसे, म्हणून त्यांनी १९५४मध्ये हे मोटेल काढलं. १९६३च्या वसंतात किंग आणि त्यांचे सहकारी इथे उतरले. ३० नंबरच्या खोलीत शहरातल्या वर्णभेदाविरुद्धच्या मोहिमेची आखणी होई. १२ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, अटक करून घ्यायची की नाही यावर त्या खोलीत वाद झाला. जामिनाचे पैसे संपले होते. किंग आतल्या खोलीत गेले, कामगार घालतात तसे डेनिमचे कपडे घालून बाहेर आले आणि निघाले. महिन्याभरात, ११ मेच्या रात्री, याच खोलीखाली बॉम्ब फुटला. किंग त्या दिवशी अटलांटाला गेले होते.

हे मोटेल पुढे म्हाताऱ्यांच्या निवासासाठी वापरलं गेलं आणि १९९६नंतर रिकामं पडलं. मी जुने फोटो पाहिले आहेत: खिडक्यांना फळ्या, अंगणात गवत. २०१७च्या जानेवारीत अध्यक्ष ओबामांनी हा सगळा भाग राष्ट्रीय स्मारक जाहीर केला, आणि मोटेलची मालकी शहर व पार्क सर्व्हिस यांच्यात वाटली गेली. आता अंगण स्वच्छ आहे, लोखंडी कठडे रंगवलेले आहेत. मी कठड्याला हात लावून वर बघत होते. मोटेल म्हणजे काय असतं? दोन मजले, बाहेरून जिना, ओळीने दारं. त्याला भव्य करता येत नाही. दुरुस्त करणाऱ्यांनी तसा प्रयत्नही केलेला नाही. कागदपत्रांत ‘ऐतिहासिक काळातलं स्वरूप’ म्हणतात ते तिथे अगदी साधं आहे: ही खोली मोहिमेचं मुख्यालय होती, आणि ती एवढीच होती.

सेल्माला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाइनची जंगलं आणि अधूनमधून गुरांची कुरणं लागतात. सेल्मा लहान गाव आहे आणि गरीब आहे. २०२३च्या जानेवारीत इथे टोर्नेडोने मोठी पडझड केली. काही रस्त्यांवर घरांचे फक्त चौथरे दिसले. अलाबामा नदीवरचा एडमंड पेटस पूल सगळ्या जगाने छायाचित्रांत पाहिला आहे. ७ मार्च १९६५ला सुमारे सहाशे माणसं मतदानाच्या हक्कासाठी तो ओलांडून गेली आणि पलीकडे राज्याच्या पोलिसांनी त्यांना लाठ्यांनी, अश्रुधुराने झोडपून काढलं. ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला. पूल पोलादी आहे, रहदारीचा आहे, त्याची देखभाल होते. चिंता आहे ती ब्राउन चॅपलची.

हे मेथडिस्ट पंथाचं चर्च. दोन उंच मनोऱ्यांची, लाल विटांची ही इमारत ए. जे. फार्ली या काळ्या कारागिराने १९०८मध्ये बांधली. गोऱ्या न्यायाधीशाने सेल्मात सभा घ्यायला मनाई केली होती, ती मोडून २ जानेवारी १९६५ला किंग इथे बोलले. सात मार्चला लोक इथूनच निघाले आणि रक्तबंबाळ होऊन इथेच परतले. बाकांवर जखमींना निजवलं होतं. समोर सरकारी घरकुलांची वसाहत आहे, त्या वेळच्या कित्येक आंदोलकांची घरं तीच.

आणि या चर्चला वाळवी लागली. पाणी मुरलं, लाकूड पोखरलं गेलं, मनोरे धोकादायक झाले. २०२२मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने देशातल्या सर्वाधिक संकटात असलेल्या ११ जागांच्या यादीत याचं नाव घातलं. केंद्रीय निधीतून १३ लाख डॉलरचं अनुदान मिळालं, पण दुरुस्तीचा खर्च त्याच्या पुढे धावत राहिला. मुख्य सभागृह लोकांसाठी बंद होतं. बाहेर आम्हाला चर्चच्या एक वयस्क सदस्या भेटल्या. पांढरी हॅट, हातात चाव्यांचा जुडगा. त्यांनी आम्हाला बाजूने फिरवलं आणि एका जागी थांबून भिंतीला टेकवून ठेवलेली एक जुनी तुळई दाखवली. वरून धडधाकट. त्यांनी तिच्यावर नुसता अंगठा दाबला आणि तो पेराएवढा आत गेला. लाकडाचा भुगा त्यांच्या बोटावरून खाली पडला.

"पासष्ट साली आमच्यावर बाहेरून आले," त्या म्हणाल्या. "हे आतून आलं. दोन्हीला पैसे लागतात, पण बाहेरून येतात तेव्हा निदान टीव्हीवर दाखवतात."

त्यांना मी विचारलं, सरकारचे पैसे घेताना काही वाटलं का? कारण त्या पुलावरचे पोलीसही सरकारचेच होते. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. त्या म्हणाल्या, ते पैसे आमचेच आहेत, आम्ही कर भरतो, आणि ज्या कायद्यासाठी आम्ही मार खाल्ला तो कायदा साऱ्या देशाने वापरला. मला हे उत्तर तंतोतंत पटलं. अनुदानाकडे आपण उपकार म्हणून बघतो. तिथे बाई तिच्या हक्काचं येणं मागत होती.

चर्चला सरकारी पैसा द्यावा का, हा प्रश्न अमेरिकेत साधा नाही. राज्यघटनेने धर्म आणि शासन वेगळे ठेवले आहेत, आणि बराच काळ चालू प्रार्थनास्थळांना असं अनुदान मिळत नसे. २००३मध्ये बॉस्टनच्या ओल्ड नॉर्थ चर्चच्या निमित्ताने सरकारने भूमिका बदलली: इमारतीचं ऐतिहासिक मोल राखण्यासाठी पैसे देता येतील, पूजाअर्चेसाठी नाहीत. काही कायदेपंडितांना हे अजूनही मान्य नाही आणि त्यांचा आक्षेप हलका नाही. पण या चळवळीपुरतं बोलायचं तर चर्च वगळून जपायला उरतंच काय? काळ्या लोकांना शहरात सभागृह मिळत नव्हतं, नगरपालिका मिळत नव्हती, वर्तमानपत्र मिळत नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या मालकीची, शेकडो माणसं मावतील अशी एकच जागा होती. ती तुळई प्रार्थनेची होती तितकीच ती सभेचीही होती.

सेल्मात आणखी एक जागा बघायची होती आणि ती तिथे नव्हती. सलिव्हन जॅक्सन हे दंतवैद्य आणि त्यांच्या पत्नी रिची जीन यांचं लॅप्स्ली स्ट्रीटवर घर होतं. किंग सेल्मात असले की मुक्काम तिथे. १५ मार्च १९६५ला अध्यक्ष जॉन्सन काँग्रेसपुढे बोलले आणि चळवळीच्या गाण्यातले शब्द त्यांनी स्वतःच्या तोंडाने उच्चारले, ते भाषण किंग यांनी या घराच्या बैठकीत बसून टीव्हीवर ऐकलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं सोबतचे सांगत. हे घर कुटुंबाने मिशिगनमधल्या हेन्री फोर्ड म्युझियमकडे सोपवलं. म्युझियमने ते सुटं करून, हजार किलोमीटरहून दूर, डिअरबॉर्नला नेलं. त्यांनी काम मनापासून आणि बारकाईने केलं आहे, वस्तूही जपल्या आहेत. एकट्या कुटुंबाने असं घर किती वर्षं सांभाळायचं, हाही प्रश्न खरा आहे. तरी त्या मोकळ्या जागेपुढे उभी असताना मला वाईट वाटलं. लॅप्स्ली स्ट्रीटच्या मुलांना आता आपल्या रस्त्यावरचं घर बघायला दुसऱ्या राज्यात जावं लागेल. गावाजवळ पैसा नसला की गावाचा इतिहास पैसा असलेल्या जागी जातो. सरकारी अनुदानाचा खरा उपयोग मला इथे कळला: घर आहे तिथेच राहावं.

त्या संध्याकाळी मोटेलवर भाचीशी बोलताना विषय आपल्याकडे वळला, आणि तो वळणं साहजिक होतं. किंग आणि त्यांच्या पत्नी कोरेटा १९५९मध्ये महिनाभर भारतात होते, मुंबईत मणिभवनात राहिले होते. अस्पृश्यता आणि वर्णभेद यांचं नातं त्यांनी स्वतः बोलून दाखवलं आहे. मग आपल्या नागरी हक्कांच्या सर्वांत मोठ्या नेत्याची घरं आपण कशी जपतो? लंडनला किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाच्या घरात विद्यार्थी असताना बाबासाहेब राहत. ते महाराष्ट्र सरकारने २०१५मध्ये विकत घेतलं. स्थानिक कौन्सिलने तिथे संग्रहालयाला हरकत घेतली, प्रकरण वर गेलं आणि २०२०मध्ये परवानगी मिळाली. हे सरकारने केलेलं उत्तम काम आहे आणि मी ते मनापासून म्हणते. इंदू मिलच्या जागेवर ३५० फुटी पुतळा उभा राहतो आहे, त्यामागची भावनाही मला समजते. ज्यांना शतकानुशतकं मान खाली घालायला लावली, त्यांना मान वर करून बघायला काहीतरी उंच हवं.

पण परळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब दोन दशकांहून अधिक काळ दोन खोल्यांत राहिले. महाडचा सत्याग्रह त्या काळातला. गोलमेज परिषदेला ते गेले तेव्हाही घर तेच. जिन्याची झिजलेली पायरी, सामाईक गॅलरी, शेजारचा आवाज येत असताना रात्री वाचत बसायची ती जागा: हे सगळं तसंच्या तसं, त्याच मापात, त्याच शेजारात राहायला हवं. पुतळा आपण हवा तेव्हा उभारू शकतो. चाळीची ती खोली एकदा गेली की कोट्यवधी रुपये ओतूनही परत यायची नाही. छपराला, जिन्याला, वाळवीला द्यायचे पैसे आपल्या अंदाजपत्रकात वेगळे, नावानिशी असावेत, दरवर्षी असावेत, आणि ते मागण्याचा अधिकार तिथे राहणाऱ्या माणसांना असावा. अमेरिकेकडून घ्यायचंच तर हे घ्यावं.

शेवटचा टप्पा माँटगोमेरी, अलाबामाची राजधानी. डेक्स्टर अव्हेन्यूच्या टोकाला पांढऱ्या घुमटाची विधानसभा आहे. तिच्या पायऱ्यांजवळ १८६१मध्ये जेफरसन डेव्हिस यांनी गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली. तिथून अगदी थोड्या पावलांवर विटांचं छोटंसं चर्च आहे. १९५४मध्ये पंचवीस वर्षांचे किंग तिथे पाद्री म्हणून आले. पुढच्याच वर्षी, १ डिसेंबर १९५५ला, रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि ३८१ दिवसांचा बहिष्कार सुरू झाला. त्याची पहिली जुळवाजुळव या चर्चच्या तळघरात झाली.

चर्चकडून किंग यांच्या घराकडे जाताना मध्ये आंतरराज्य महामार्गाचा आवाज येतो. साठच्या दशकात हे महामार्ग बांधले गेले तेव्हा खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्र सरकारचा होता. माँटगोमेरीत ते काळ्या वस्त्यांवरून गेले. अटलांटात किंग यांच्या ऑबर्न अव्हेन्यूचेही त्याच रीतीने दोन तुकडे झाले. दुकानं उठली, माणसं पांगली, चर्चची वर्गणी आटली. आज ज्या इमारतींना दुरुस्तीसाठी अनुदान लागतं, त्यांच्यापैकी कितीतरी अशा दरिद्री झाल्या. म्हणून तेरा लाख, पाच लाख हे आकडे ऐकून कुणी सरकारच्या उदारपणाचं कौतुक करू लागलं तर मला त्या महामार्गाचा खर्चही शेजारी मांडावासा वाटतो.

साउथ जॅक्सन स्ट्रीटवर ३०९ क्रमांकाचं घर आहे. १९१२ साली बांधलेलं, पांढऱ्या फळ्यांचं, पुढे चार पायऱ्या चढून व्हरांडा. चर्चच्या पाद्रीसाठी असलेलं हे घर आता संग्रहालय आहे, पण पाऊल टाकल्यावर संग्रहालयात आल्यासारखं वाटत नाही. बैठकीत सोफा, अभ्यासिकेत पुस्तकं, रेकॉर्ड. फर्निचर बरंचसं त्या काळातलंच. दाखवणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या होत्या आणि वयाने मोठ्या मावशी-आत्यांना असतो तो अधिकार त्यांच्या आवाजात होता. त्यांनी आम्हाला झटपट पुढच्या खोल्या दाखवल्या आणि स्वयंपाकघरात आणून उभं केलं.

लहान स्वयंपाकघर. मध्ये टेबल, खुर्च्या. २७ जानेवारी १९५६च्या रात्री किंग झोपायला गेले होते. फोन वाजला. तीन दिवसांत शहर सोडलं नाहीस तर तुझं घर उडवून देऊ, अशी धमकी. असे फोन रोज येत, पण त्या रात्री त्यांना झोप लागेना. पत्नी आणि काही आठवड्यांची मुलगी आत निजलेली. ते इथे आले, कॉफी केली, या टेबलाशी बसले आणि हे सगळं सोडून कसं निघता येईल, कुणाला भित्रे न वाटता, याचा विचार करू लागले. मग कप तसाच ठेवून त्यांनी मोठ्याने प्रार्थना केली. मी घाबरलोय, मला आता जमत नाही, असं देवाला सांगितलं. त्यानंतर त्यांची भीती गेली, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे.

तीन रात्रींनी, ३० जानेवारीला, व्हरांड्यात बॉम्ब फुटला. किंग सभेत होते. कोरेटा, तान्ही योलंडा आणि सोबतीला आलेली चर्चमधली एक बाई मागच्या खोलीकडे धावल्या म्हणून वाचल्या. किंग परतले तेव्हा घरापुढे शेकडो माणसं जमली होती, काहींच्या हातात बंदुका होत्या. महापौर आणि पोलीस आयुक्त व्हरांड्यात उभे होते आणि जमावाचा पारा चढत होता. सत्तावीस वर्षांच्या त्या माणसाने फुटलेल्या काचांमध्ये उभं राहून लोकांना हत्यारं घरी न्यायला सांगितलं. लोकांनी ऐकलं. व्हरांड्याच्या सिमेंटवर स्फोटाची खूण अजून आहे. मी वाकून तिच्यावर बोट फिरवलं. बशीएवढा खडबडीत भाग आहे. दुरुस्तीच्या नियमांप्रमाणे तो गुळगुळीत करता येणार नाही, आणि या एका कारणासाठी मी त्या सगळ्या किचकट नियमांच्या बाजूची आहे.

निघताना मी बाईंना विचारलं की अनुदानातून तुमच्यासाठी काही येतं का. नाही, त्या म्हणाल्या. ते पैसे भिंती, छप्पर, वायरिंग यांसाठी. रोजचा खर्च, दाखवणाऱ्यांचं मानधन, हे त्यात बसत नाही. ते तिकिटांतून आणि चर्चच्या वर्गणीतून भागवावं लागतं. बहिष्काराच्या काळात त्या लहान होत्या, आई गोऱ्यांच्या घरी कामाला होती आणि वर्षभर चालत गेली. असं सांगणारी माणसं आता कमी होत आहेत आणि त्यांच्या जागी कुणाला तयार करायचं, त्याचा खर्च कुठल्याच अर्जाच्या रकान्यात बसत नाही.

सध्या कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुली शनिवारी येतात, असं त्या म्हणाल्या. एकीचं पाठांतर पक्कं आहे, तारखा चुकत नाही. दुसरी अजून अडखळते, पण लोकांना प्रश्न विचारू देते. "तिला मी आधी स्वयंपाकघर दिलंय," बाई म्हणाल्या. "व्हरांडा पुढच्या महिन्यात देईन."